कायदे बाहेरून लादून लोकशाही संस्था उभ्या राहतात का? बॉस्नियाच्या निमित्ताने

वाटसरू (चर्चाप्रस्ताव)

सध्या युद्धोत्तर बॉस्निया-हर्झगोव्हिनाविषयी वाचत असताना एका प्रश्नापाशी मी अडलो आहे. १९९५ च्या डेटन कराराने तेथील बोस्नियाक (मुस्लिम), सर्ब आणि क्रोएट समाजांमधले युद्ध थांबवले आणि कराराची नागरी बाजू अमलात आणण्यासाठी ‘उच्च प्रतिनिधी’ हे आंतरराष्ट्रीय पद निर्माण केले. डिसेंबर १९९७ मध्ये बॉन येथे भरलेल्या शांतता अंमलबजावणी परिषदेच्या (कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या देश व संस्थांच्या गटाच्या) बैठकीत या प्रतिनिधीला संसदेला वगळून कायदे लागू करण्याची आणि लोकांनी निवडून दिलेल्या पदाधिकाऱ्यांनाही पदावरून दूर करण्याची मुभा मिळाली. ही व्यवस्था तात्पुरती असेल, असेच तेव्हा सर्वांनी गृहीत धरले असावे. प्रत्यक्षात २ ऑक्टोबर २०२२ रोजी, मतदान संपून मतमोजणी सुरू झालेली असताना, उच्च प्रतिनिधी क्रिस्टियान श्मिट यांनी निवडणूक कायदा आणि बॉस्नियाच्या दोन घटकांपैकी एक असलेल्या ‘फेडरेशन’ची राज्यघटना बदलली. ज्याला एकाही मतदाराने निवडलेले नाही, त्याने निवडणुकीच्या रात्री निवडणुकीचेच नियम बदलावेत, याला लोकशाहीची उभारणी म्हणता येईल का? जाणकारांनी मत मांडावे.

उत्तरायण

२०२२ च्या त्या निर्णयाचे समर्थन करणे अवघड आहे, परंतु त्यावरून सगळ्याच लादलेल्या निर्णयांना एका मापाने मोजू नये. १९९८ मधील वाहनांच्या क्रमांकपट्ट्यांचे उदाहरण घ्या. युद्धानंतर प्रत्येक बाजूच्या गाड्यांना वेगळ्या पट्ट्या होत्या, त्यामुळे गाडी पाहताच चालक कोणत्या समाजाचा असावा हे कळत असे, आणि पलीकडच्या भागात जाणे म्हणजे पोलिसांची अडवणूक किंवा त्याहून वाईट काही ओढवून घेणे होते. तत्कालीन उच्च प्रतिनिधी कार्लोस वेस्टेनडॉर्प यांनी संपूर्ण देशासाठी एकच पट्टी सक्तीची केली. तिच्यावर लॅटिन आणि सिरिलिक या दोन्ही लिप्यांत सारखी दिसणारी मोजकीच अक्षरे घेतली आणि गाडी कोणत्या गावची आहे हे ओळखता येणार नाही अशी रचना केली. संचारस्वातंत्र्य करारात आधीच लिहिलेले होते, पण सामान्य माणसाच्या हाती ते खऱ्या अर्थाने आले ते या पत्र्याच्या तुकड्यामुळे.

विस्थापितांच्या घरांबाबतही तसेच झाले. १९९९ मध्ये मालमत्तेचे कायदे बाहेरून दुरुस्त केले गेले आणि घरे परत देण्यास टाळाटाळ करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्यांना काढून टाकण्यात आले. सुमारे दोन लाख दाव्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक दावे २००४ च्या सुमारास निकाली निघाले होते. संसदेतील सहमतीची वाट पाहिली असती तर तीच घरे बळकावून बसलेल्यांच्या मतांवर निवडून आलेले पक्ष ही सहमती होऊ देते का, याचा विचार करावा. माझ्या मते, ज्या निर्णयाचा लाभ नागरिकाला नेत्याच्या मध्यस्थीशिवाय थेट घेता येतो, तो लादलेला असला तरी रुजतो.

कंदील

उत्तरायण यांचे शेवटचे वाक्य मला मान्य आहे, परंतु त्याचीच दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ज्या संस्थेला रोजच्या रोज राजकीय तडजोड लागते, ती लादून चालत नाही. मोस्तार शहराची सनद तत्कालीन उच्च प्रतिनिधी पॅडी अ‍ॅशडाउन यांनी जानेवारी २००४ मध्ये लागू केली. दुभंगलेले शहर एका नगरपालिकेखाली आणण्याचा हेतू उत्तमच होता. पुढे २०१० मध्ये घटना न्यायालयाने तिच्यातील निवडणुकीच्या काही तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, आणि नव्या तरतुदींवर बोस्नियाक व क्रोएट पक्षांचे काही केल्या जमेना. परिणामी २००८ नंतर थेट डिसेंबर २०२० पर्यंत त्या शहरात स्थानिक निवडणूकच झाली नाही. अखेर इर्मा बारालिया या स्थानिक राजकारणी महिलेने स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागून २०१९ मध्ये निकाल मिळवला, तेव्हा कुठे चक्रे हलली.

बारा वर्षे हे पक्ष अडून का बसू शकले? पेच वाढला की कोणी तरी बाहेरचा येऊन तो सोडवेल, ही सवय त्यांना आधीच लागली होती. आपल्या मतदारांपुढे ताठ उभे राहायचे, तडजोडीचा दोष परक्याच्या माथी मारायचा, आणि निर्णयाचा फायदा मात्र गुपचूप घ्यायचा, असा हा सोयीचा मामला आहे. जून २००४ मध्ये युद्धगुन्ह्यांच्या आरोपींना पकडण्यात सहकार्य न केल्याबद्दल अ‍ॅशडाउन यांनी रिपब्लिका स्रपस्का या देशाच्या दुसऱ्या, सर्बबहुल घटकातील जवळपास साठ पदाधिकाऱ्यांना एका फटक्यात दूर केले. कारण रास्त असेल, पण त्या माणसांना अपिलाची सोय नव्हती. पुढच्याच वर्षी युरोप परिषदेच्या व्हेनिस आयोगाने (घटनात्मक प्रश्नांवर सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने) याच त्रुटीवर बोट ठेवले. कायद्याचे राज्य शिकवायला आलेल्यानेच सुनावणीविना शिक्षा द्यावी, हे शिकणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

मध्यान्ह

वरील दोन्ही प्रतिसाद उच्च प्रतिनिधीभोवती फिरत आहेत, मूळ दुखणे मात्र घटनेत आहे. बॉस्नियाची राज्यघटना म्हणजे डेटन कराराचे चौथे परिशिष्ट. ते युद्ध थांबवण्यासाठी लिहिले गेले, कोणत्याही निवडून आलेल्या घटना समितीने नव्हे. त्यानुसार तीन सदस्यांच्या राष्ट्राध्यक्ष मंडळात एक बोस्नियाक, एक क्रोएट आणि एक सर्बच असू शकतो. रोमा समाजाचे देर्वो सेइदिच आणि ज्यू समाजाचे याकोब फिन्सी यांना या पदासाठी उभेच राहता येत नव्हते. डिसेंबर २००९ मध्ये स्ट्रासबुर्गने हा भेदभाव असल्याचा निर्णय दिला, तरी घटना अद्याप बदललेली नाही. जो पक्ष एकाच समाजाच्या मतांवर जगतो, त्याने हे कलम का बदलावे?

पूर्व तिमोरशी तुलना करून पाहावी. १९९९ ते २००२ या काळात तेथे संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाकडे बॉस्नियातल्या प्रतिनिधीहूनही व्यापक अधिकार होते, तरीही राज्यघटना लिहिली ती ऑगस्ट २००१ मध्ये निवडून आलेल्या ८८ सदस्यांच्या घटना समितीने. त्यामुळे सारे सुरळीत झाले असे अजिबात नाही. २००६ मध्ये बडतर्फ सैनिकांच्या असंतोषातून सैन्य व पोलीस एकमेकांवर उलटले आणि परदेशी फौजांना पुन्हा पाचारण करावे लागले. पण संकट ओसरल्यावर दुरुस्ती करायला स्वतःची म्हणता येईल अशी घटना तिमोरवासीयांपाशी होती, आणि २०१२ च्या निवडणुकांनंतर संयुक्त राष्ट्रांची मोहीम तेथून निघून गेली.

एक बाब मात्र बॉस्नियाच्या बाजूने नोंदवली पाहिजे. हुकमापेक्षा आमिष तेथे अधिक कामी आले आहे. नाटोच्या शांतता-भागीदारी कार्यक्रमात प्रवेश मिळावा म्हणून तेथील संसदेने एकत्रित सैन्याचे कायदे संमत केले, आणि युरोपात व्हिसाशिवाय प्रवास मिळणार म्हटल्यावर बायोमेट्रिक पारपत्रांसारख्या किचकट अटीही पुऱ्या झाल्या. डिसेंबर २०१० मध्ये ती सवलत प्रत्यक्ष मिळाली. पोलीस दलाच्या एकीकरणात मात्र हेच आमिष निष्प्रभ ठरले, कारण तेथे नेत्यांना आपले खरे हत्यार सोडावे लागणार होते.

वाटसरू

सर्वांचे आभार. एक उपप्रश्न: बाहेरच्या माणसांनी टप्प्याटप्प्याने पाय काढून घेतला आणि तरी संस्था टिकली, असे बॉस्नियातच एखादे उदाहरण आहे का?

उत्तरायण

मध्यवर्ती बँक. घटनेनेच तिचा पहिला गव्हर्नर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने नेमायचा आणि तो बॉस्नियाचा किंवा शेजारी देशाचा नागरिक नसावा, अशी अट घातली होती. चलन सुरुवातीला जर्मन मार्काशी एकास एक या दराने बांधले होते, त्यामुळे नोटा छापून तूट भरण्याचा मार्ग राजकारण्यांना बंद झाला. पुढे गव्हर्नर स्थानिक आले आणि चलन आजही स्थिर आहे.

युद्धगुन्ह्यांच्या न्यायदालनात २००५ पासून परदेशी व स्थानिक न्यायाधीश एकत्र बसत. तेथेही परदेशींची संख्या ठरवून कमी करत नेली. गंमत म्हणजे २००९ मध्ये संसदेने त्यांना मुदतवाढ नाकारली, तेव्हा उच्च प्रतिनिधींनी युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांपुरती ती लादलीच.

कंदील

आणि स्वतः उच्च प्रतिनिधींचे कार्यालय? ते बंद करण्यासाठी २००८ मध्ये पाच उद्दिष्टे आणि दोन अटी ठरल्या. त्यांतील सरकारी मालमत्तेच्या वाटणीचे उद्दिष्ट अजून तसेच पडून आहे, कारण जमीन आणि जंगले केंद्राची की घटकांची, यावर पक्षांचे एकमत नाही.