नखाखालची वाढलेली कातडी : कापावी की राहू द्यावी?

धागाकर्ती, लातूर

गेल्या दिवाळीपासून मी नखे वाढवली आहेत. त्यांवर जेलचा थर नाही की चिकटवलेली नखेही नाहीत, सगळी माझी स्वतःचीच आहेत. आता ती बोटाच्या टोकापुढे जवळजवळ एक सेंटिमीटर आली आहेत. मात्र त्यांच्याबरोबर खालची कातडीही पुढे सरकली आहे. हात उताणा धरला की डाव्या हाताच्या तीन नखांच्या आतल्या बाजूला ती पापुद्र्यासारखी चिकटलेली दिसते. आमच्या घरी हिला जिव्हाळी म्हणतात. मागच्या आठवड्यात मधल्या बोटाचे नख थोडे कमी करायला गेले, तेव्हा नेलकटर तिच्यातच रुतला. रक्ताचा एकच थेंब आला, पण रात्री वरणावर लिंबू पिळताना डोळ्यांत पाणी उभे राहिले.

येथील एका पार्लरमध्ये दाखवले असता, धातूच्या पट्टीने कातडी मागे रेटून तिची कड कापून देऊ, असे सांगण्यात आले. मी नको म्हणाले. कातडी कापू नये, नखच हळूहळू कमी करावे, असे माझे मत आहे. परंतु त्यासाठी लांब नखांचा नाद पूर्णपणे सोडावा, हे मात्र मला पटत नाही. आपले काय मत आहे?

प्रतिसाद, नांदेड

मी चौदा वर्षे पार्लर चालवते, म्हणून हा सरसकट निषेध मला मान्य नाही. कोमट पाण्यात बोटे दहा मिनिटे भिजवल्यावर कडेला पांढुरकी, निर्जीव, सुटी झालेली साल दिसते आणि ती काढताना ग्राहकाला काहीही जाणवत नाही. तीही ठेवली तर ओढणीत आणि स्वेटरच्या धाग्यात अडकते, मग ओढली जाऊन जिवंत कातडीपर्यंत फाटत जाते. हात सराईत आणि अवजार उकळलेले असेल, तर भीतीचे कारण नाही. आपल्याला ज्यांनी पट्टीने रेटण्याचा सल्ला दिला, त्यांची पद्धत चुकीची आहे, एवढे मी मान्य करते.

प्रतिसाद, परभणी

मी निवृत्त परिचारिका आहे. वरील ताईंच्या अनुभवाचा आदर राखून सांगते की निर्जीव साल कोठे संपते आणि जिवंत कातडी कोठे सुरू होते, हे नखाच्या आडून डोळ्यांना नीट दिसत नाही; खरी चूक तेथेच होते. ही कातडी निरुपयोगी वाढ नव्हे. नख आणि त्याखालचा गुलाबी मांसल भाग यांच्यामधली फट ती बुजवते, जेणेकरून पाणी, माती आणि जंतू आत जाऊ नयेत. घागरीचे तोंड कपड्याने बांधतो, तसे हे बांधलेले तोंड आहे. ते कापले किंवा दाभणासारख्या टोकदार वस्तूने कोरले, की नख खालच्या भागापासून सुटू लागते आणि जंतूंना वाट मिळते. त्यानंतर बोट ठणकायला लागून रात्रभर हात उशाशी उंच धरून बसलेले रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कातडी नखाच्या आतल्या बाजूला कायमची चिकटून बसते, त्या अवस्थेचे वर्णन त्वचारोगतज्ज्ञांनी १९७३ मध्ये केलेले आहे. जेल पॉलिश किंवा कृत्रिम नखांमुळे ती उद्भवू शकते, पण कधीकधी तिच्यामागे त्वचा घट्ट करणारा स्क्लेरोडर्मा किंवा ल्युपस यांसारखा आजारही असतो. म्हणून गार पाण्यात हात घातल्यावर बोटे पांढरी, मग निळसर पडत असतील, सांधे दुखत असतील किंवा बोटांची कातडी ताठ वाटत असेल, तर पार्लर आणि घरगुती उपाय दोन्ही बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. असे काही नसेल तर घाबरण्याचेही कारण नाही.

प्रतिसाद, जालना

मूळ प्रश्न नखे वाढवण्याचाच आहे, त्यावर कोणी बोलत नाही. आमच्या घरी कापसाच्या वेचणीच्या दिवसांत बोंडांची वाळलेली टोके नखांत शिरतात, आणि भाकरी थापणाऱ्या हातांच्या नखांत ज्वारीचे पीठ साचते, तेव्हा नखे आपोआपच आखूड राहतात. पुण्याच्या श्रीधर चिल्लाल यांनी १९५२ पासून डाव्या हाताची नखे कापलीच नाहीत. २०१८ मध्ये ती कापली, तोवर विश्वविक्रम झाला होता, पण तो हात कायमचा अधू झाला. हौसेला मर्यादा असावी.

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगर

जालनाकरांचे उदाहरण टोकाचे आहे. मी गिटार वाजवतो. उजव्या हाताची नखे बोटापुढे दोन-तीन मिलिमीटर नसतील तर तारेचा नाद बोथट येतो. एक सेंटिमीटर आणि सहासष्ट वर्षे यांची तुलना करू नये.

प्रतिसाद, परभणी

तुलना नको, पण मापाला अर्थ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हातांच्या स्वच्छतेच्या मार्गदर्शनात रुग्णसेवा करणाऱ्यांनी नखांचे टोक अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवावे, असे म्हटले आहे. तो नियम आपल्याला लागू नाही. तरी लांब नख डब्याच्या झाकणात अडकले, की तरफेसारखे वर उचलले जाते आणि सगळा ताण त्या चिकटलेल्या कातडीवर येतो.

धागाकर्ती, लातूर

गिटारवाल्या दादांचे मत मला सोयीचे आहे, पण माझी नखे वाद्यासाठी नाहीत, केवळ आवडीसाठी आहेत, हे मान्य केले पाहिजे. माझी बोटे गार पाण्यात रंग बदलत नाहीत, सांधेही दुखत नाहीत. नखे महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतात, म्हणून नेलकटर ठेवून देऊन दर रविवारी कानशीने त्या आठवड्याच्या वाढीपेक्षा थोडे अधिक घासायचे आणि कातडी दिसू लागली की थांबायचे, असे ठरवले आहे. झोपताना करडईच्या तेलाचा थेंब नखांखाली सोडते. भांडी घासताना रबरी हातमोजे घालते. नांदेडच्या ताईंनी सांगितलेली सुटी साल एका बोटाला खरेच दिसते आहे. ती ओढण्याचा मोह होतो, म्हणून त्या बोटाला सध्या पट्टी बांधली आहे.