लम्पी (गुरांचा गाठींचा साथरोग): लस टोचून दहा दिवस झाले, तरी गाठी आल्या

प्रश्न: दावणीला पाच जनावरं. दहा दिवसांपूर्वी सगळ्यांना लस टोचली. काल कपिलेच्या मानेवर गाठी उठल्या, ताप आहे, वैरण सोडलीय. शेजारी म्हणतात लशीनंच आलं. वासरू पाजू का?

उत्तर (निवृत्त पशुधन पर्यवेक्षक): दादा, लशीनं नाही. प्रतिकारशक्ती यायला तीनेक आठवडे लागतात, त्याआधीच माशी-गोचीड चावली असणार. गाय आत्ता वेगळी बांधा, १९६२ या गुरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकाला फोन लावा. वासरू कासेला लावू नका. दूध उकळून, कोमट करून पाजा.

२०२२ च्या ऑगस्टात जळगावकडे साथ आली, तेव्हा लम्पीवर दिली जाणारी शेळ्यांच्या देवी रोगाची लस घेऊन आम्ही गोठे पालथे घातले. एकेक मिली, कातडीखाली, दर जनावराला नवी सुई! एका वस्तीवर बाजार बंद होईल म्हणून गाठी लपवल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा दोन बैल गेले होते. त्या घरच्या बाईचा हंबरडा अजून ऐकू येतो मला.

उत्तर (दुसरा शेतकरी): आमच्याकडे गुरांच्या एका डॉक्टरकडे कितीतरी गावं. ते तरी कुठं कुठं पुरणार?

प्रश्नकर्ता: काका, डॉक्टर येऊन गेले. ताप उतरला, थोडी कडबाकुट्टी खाल्ली.