मदत हवी आहे : महिनाभर घर बंद राहणार, पाइप गोठू नयेत म्हणून काय करू?

सायली_एम
आम्ही १८ डिसेंबरला निघतोय, २० जानेवारीला परत. गेल्या वर्षी आम्ही घरात असूनसुद्धा किचनच्या सिंकचा पाइप गोठला होता. हेअर ड्रायर धरून दोन तास बसले तेव्हा कुठे पाणी आलं. आता तर घरात कोणीच नसणार. नवरा म्हणतो, हीटिंग चालू ठेवलं की झालं. मला काही ते पटत नाहीये. पाणी बंद करायचं की नाही, एवढंच सांगा. पुण्यात दिराचं लग्न आहे, तारखा बदलता येणार नाहीत.

घाटावरचा_दादा
राहता कुठे? महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गवतावर हिमकण दिसतात, पण पाइप गोठलेला मी तरी पाहिला नाही. गच्चीवरची टाकी रिकामी करून जा.

सायली_एम
दादा, अमेरिकेत मिनियापोलिसजवळ राहतो आम्ही. गच्ची नाही, टाकीही नाही.

हिमवाटसरू
मग पाणी बंद करायचंच. पण आधी सांग : बेसमेंट आहे का? हीटिंग गरम हवेच्या फर्नेसचं की रेडिएटरवालं बॉयलरचं? बॉयलर असेल तर त्याच्या माणसाला विचारल्याशिवाय मेन, म्हणजे घरात येणाऱ्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह, बंद करू नकोस. सिंक बाहेरच्या भिंतीला लागून आहे का? आणि बागेचा होज, म्हणजे पाणी घालायची नळी, अजून बाहेरच्या नळाला लावलेला आहे का?

डॅलसकर
नळाला बारीक धार सोडून जा, सगळ्यात सोपं. २०२१ च्या फेब्रुवारीत इथे डॅलसला थंडीत वीज गेली, आमच्या गल्लीत छताखालच्या अ‍ॅटिकमधले पाइप फुटून छतं खाली आली. आम्ही धार सोडली होती, आमचं घर वाचलं.

हिमवाटसरू
तुम्ही घरात होतात. रिकाम्या घरात महिनाभर धार कशी सोडणार? ड्रेन गोठला तर सिंक भरून सगळं पाणी फरशीवर येईल, आणि बघायला कोणी नाही.

डॅलसकर
धारेमागचं कारण तर समजून घ्या. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि पाइप तिथे फुटतो. नळ उघडा असला की दाब निघून जातो.

हिमवाटसरू
अगदी मान्य. म्हणून तर मेन बंद करून नळ उघडे ठेवायचे. दाबही नाही आणि फुटलाच तर पाणीही नाही.

चांदणी_टोरांटो
सिंक, शॉवर आणि फरशीच्या ड्रेनमध्ये कपभर गुलाबी अँटीफ्रीझ ओता, आरव्हीसाठी, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्यांच्या पाइपांसाठी मिळतं ते, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. गाडीच्या इंजिनाचं अजिबात नको, ते विषारी असतं. ड्रेनच्या वाकात वास अडवायला साठलेलं नुसतं पाणी महिन्याभरात सुकतं आणि गटाराचा वास घरभर पसरतो.

मोगरा
सायली, तुझ्याकडे कढीपत्ता आहे का गं? माझा असाच बंद घरात गेला. कुंडी शेजारणीकडे दे, पाणी मात्र कमी घालायला सांग.

सायली_एम
कढीपत्ता आहे, सासूबाईंनी लावलेला. बघते त्याचं.
बेसमेंट आहे. फर्नेस आहे, बॉयलर नाही. सिंक बाहेरच्याच भिंतीला आहे. आत्ता सिंकखालचं कपाट उघडून हात घातला, तर भिंतीत पाइप शिरतो त्या भोकातून गार वारा येतोय, करंगळी जाईल एवढी फट आहे. होज अजून लावलेलाच आहे. तो घराच्या बाहेर असतो ना, त्याचा काय संबंध?

हिमवाटसरू
खूप संबंध आहे. बाहेरच्या दंवरोधक नळाची झडप भिंतीच्या आत, उबेत असते. होज लावलेला असला की मधलं पाणी उतरत नाही, ते गोठतं आणि नळ भिंतीच्या आत फुटतो. कळतं वसंतात, पहिल्यांदा नळ सोडल्यावर. आजच काढ.
ती फट फोमने बुजव. तुझा पाइप त्या वाऱ्यानेच गोठला होता. जाताना कपाटाची दारं उघडी ठेव.
निघायच्या दिवशी मेन बंद कर, वरचे नळ आणि बेसमेंटमधला सर्वांत खालचा नळ उघड, टॉयलेट फ्लश कर. गीझर गॅसचा असेल तर त्याची खुंटी ‘व्हेकेशन’ खुणेवर ठेव, विजेचा असेल तर ब्रेकर बंद कर. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या खाली नको. आणि चावी विश्वासाच्या माणसाकडे ठेव. फर्नेसचा धूर सोडणारा पांढरा पाइप बर्फाने बुजला की फर्नेस बंद पडते, ते थर्मोस्टॅटला कळत नाही. घर रिकामं असताना काय अटी आहेत, तेही इन्शुरन्सच्या कागदात वाच.

डॅलसकर
चावीचं पटलं. तरी धारेला मी चूक म्हणणार नाही.

सायली_एम
होज काढला. बेसमेंटमध्ये मीटरजवळ मेन सापडला, गोल लाल चाकाचा. फिरवून बघितला, पाणी बंद झालं, पण आता चाकाखालून थेंब थेंब येतोय! काय करू?

हिमवाटसरू
घाबरू नकोस. चाकाखाली दांड्याभोवती एक नट असतो, तो पान्याने अगदी थोडा, पाव फेरा आवळ. जोर लावू नकोस. नाही थांबला तर प्लंबर बोलव, पण याच आठवड्यात.

सायली_एम
पाव फेऱ्याला थांबला. खाली कोरडा कागद ठेवलाय, सकाळी बघते.

मोगरा
आणि कुंडी नेताना उबदार गाडीतून ने. पाच मिनिटांच्या थंडीनेही त्याची पानं गळतात.