'रांडेच्या' मायेनं म्हणतात, तरीपण
कुणीतरी म्हटलंय की बेळगावकडं 'रांडेच्या' ही शिवीच नव्हे, दोस्त भेटला की मायेनं तोंडातून निघतंय, अर्थ कोण बघतंय. दोस्तांपुरतं पटलं, खडेबाजारात जरा उभं राहिलं की ऐकू येतंयच. पण अर्थ कुठं गेलाय हो? रांड म्हणजे मूळची विधवाच, संस्कृतातली रंडा, म्हणून तर मराठीत रांडाव, रंडकी. आणि कन्नडमध्येपण तेच बघा, 'बोळी मगने' म्हणजे केस काढलेल्या बाईचा पोरगा, 'मुंडे मगने'तली मुंडे पण विधवाच. सीमेवरून इतकी वर्षं भांडालोय, पण शिवी द्यायला दोन्हीकडं नवरा मेलेली बाईच सापडली.

आमची एक आत्या लवकर विधवा झाली, तिच्यासमोर घरात हा शब्द मायेनंपण कुणी काढत नव्हतं, बापयमाणसं भांडताना 'भाड्या'वर यायची (ते काय लई चांगलं नव्हे म्हणा). 2023 ला महाराष्ट्रात विधवांच्या नावापुढं 'गंगा भागीरथी' लावायचं निघालं तेव्हा केवढा ओरडा झाला, व्हायलाच पाहिजे होता, पण ओरडणाऱ्यातले कितीजण ही शिवी दिवसभर देत असतील की.