मदत हवी आहे: डिप्रेशनच्या गोळ्या बंद करून फक्त आहारावर यावं का?

नमस्कार मंडळी,

प्रश्न धाकट्या भावाचा आहे. दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. छाटणीपासून त्याचं कशातच लक्ष नाही. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. मजूर फवारणीचं विचारतात, हा बांधावर बसून राहतो. नाशिकच्या मानसोपचारतज्ज्ञांनी मध्यम डिप्रेशन सांगून एसिटालोप्राम १० मिग्रॅ सुरू केली. महिनाही झाला नाही तोच मामांनी एक आहारवाले गाठून दिले. त्यांचं म्हणणं, गोळ्यांची सवय लागते, त्या सोडा, आमचा आहार आणि पावडरी घ्या. मामा तळमळीने सांगतात, आणि भावाने मान डोलावली आहे.

आहारवाल्यांनी ज्या अभ्यासाचा दाखला दिला तो मी शोधून वाचला. ऑस्ट्रेलियातला 'स्माइल्स', २०१७ चा. माणसं ६७. बारा आठवडे भाज्या, कडधान्यं, फळं, सुकामेवा, मासे. आहार बदलणाऱ्यांपैकी ३२ टक्के डिप्रेशनमधून बाहेर आले, नुसती गप्पांची सोबत मिळालेल्यांपैकी ८ टक्के. आकडे चांगलेच आहेत. पण त्यातल्या बहुतेकांची औषधं किंवा समुपदेशन आधीपासून चालू होतं! गोळ्या सोडून आहार असा तो प्रयोगच नव्हता. शिवाय आपण काय खातोय हे खाणाऱ्याला कळतंच, त्यामुळे आशेचा वाटा किती ते वेगळं काढता येत नाही. पावडरींचं म्हणाल तर युरोपातल्या 'मूडफूड' चाचणीत (२०१९) हजारावर लोकांपैकी निम्म्यांना वर्षभर पूरक गोळ्या देऊनही डिप्रेशन टळलं नाही.

औषधांच्या बाजूने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला २०१८ चा आढावा आहे: ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण, २१ औषधं, सगळी प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) सरस. सरासरी फरक मात्र माफकच, आणि बऱ्याचशा चाचण्या आठेक आठवड्यांच्या. मामांच्या भीतीतही तथ्य आहे. एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं. पण म्हणूनच त्या डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या असतात, मनाने सोडायच्या नसतात. माझं मत पक्कं आहे की आहार जोडीला हवा, गोळ्यांच्या जागी नको.

त्यातही अडचण आहे. भावजय रोज नागलीची भाकरी, मेथीची भाजी करते. परवा मी समोर होते. भाकरीचा एक कोर मोडला, तो बोटांनी चुरत बसला आणि ताट सरकवलं. ज्याला घास गिळवत नाही त्याने आहाराचा तक्ता पाळायचा कसा? त्या अभ्यासात आहारतज्ज्ञाच्या सात बैठका होत्या, तेवढा आधार इथे कोण देणार?

मामांना न दुखावता हे कसं सांगावं? आणि मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून काम करणारे आहारतज्ज्ञ नाशकात कोणाला माहीत आहेत का?

प्रतिसाद (सिडकोहून):
ताई, मी या गोळ्या घेतल्या आहेत. पहिले काही दिवस मळमळ, अस्वस्थपणा वाटतो. गुण यायला चार-सहा आठवडेही लागतात, आणि नेमकं त्याच काळात लोक सोडतात. मामांना समजावत बसू नका, पुढच्या भेटीला सोबतच न्या. त्यांना काय विचारायचं ते डॉक्टरांनाच विचारू दे. बी-१२ आणि थायरॉईड तपासलं का? शाकाहारी माणसात बी-१२ कमी असणं नवीन नाही. कमी निघालं तर ते भरून काढायलाच हवं, पण गोळ्या चालू ठेवूनच.

एक आजच करा. फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली भावजयीकडे. जिवाचं काही करावंसं वाटतं का, हे भावाला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर भेटीची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

धागाकर्ती:
मनापासून आभार. भावजयीला लगेच फोन केला, शेडला कुलूप लागलं. भावाला मी स्वतः विचारलं. "तसं नाही गं, फक्त थकलोय," म्हणाला. मामा यायला तयार आहेत, "पण डॉक्टरांनी माझंही ऐकून घ्यावं," म्हणाले. थायरॉईड झालंय, बी-१२ राहिलंय. त्या तपासणीला उपाशीपोटी जावं लागतं का?