विषय: जपानी 'केदो'च्या पुढे काय असतं?

प्रेषक: निशिकासाईचा नवा भाडेकरू
शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीची चर्चा चालू असताना मध्येच भलतं विचारतोय, राग नसावा.

परवा रात्री नऊच्या सुमारास इथे टोकियोत, निशिकासाईच्या घरी बेल वाजली. दारात साठीच्या एक बाई. वाकून म्हणाल्या, "शिता नो काइ नो मोनो देस केदो…" खालच्या मजल्यावरच्या, एवढं कळलं. मग म्हणाल्या, "योरु, आशिओतो गा चोत्तो कि नि नारुन देस केदो…" आणि थांबल्या.

योरु म्हणजे रात्र. केदो म्हणजे 'पण', हे पुण्यात क्लासमध्येच शिकलो होतो. तेव्हा 'पण'च्या पुढचं वाक्य येईल म्हणून मी हसऱ्या चेहऱ्याने "हाय, हाय" (हो, हो) करत उभा. त्या माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. मागे आमचे चिरंजीव, वय वर्षं ४, सोफ्यावरून जमिनीवर उड्या मारतायत. शेवटी त्याच "सुमिमासेन" (माफ करा) म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी लिफ्टजवळ कागद लागला. रात्रीच्या पावलांच्या आवाजाबद्दल सर्व रहिवाशांनी काळजी घ्यावी. नाव कुणाचंच नाही, खाली दोन छोट्या पावलांचं चित्र. बायकोने फोनवरून भाषांतर वाचून दाखवलं तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

आता मला सांगा, 'पण' म्हणून वाक्य तिथेच सोडून द्यायचं हे कुठलं व्याकरण? डिसेंबरात जपानी भाषेची एन-४ ची परीक्षा देतोय. पुस्तकात 'गा', 'केदो', 'देमो', 'नोनि' या चौघांच्याही पुढे मी पेन्सिलीने 'पण' लिहून ठेवलंय.

आपला,
नवा भाडेकरू

---

प्रेषक: कावासाकीचा दादा
शनिवार, रात्री ११.१५

परीक्षेपुरतं सांगतो. 'केदो' हे 'केरेदोमो'चं आखूड रूप. लिहिताना आणि ऑफिसात 'गा', बोलताना 'केदो'. नाम आलं की मध्ये 'दा' लागतो: गाकुसेइ दा केदो (विद्यार्थी आहे, पण). 'इ'वालं विशेषण असेल तर नाही: ताकाइ केदो (महाग आहे, पण). 'किरेइ'च्या (सुंदर) शेवटी 'इ' दिसतो म्हणून फसू नकोस, ते 'ना'वालं आहे, म्हणजे नामाआधी 'ना' घेणारं. किरेइ दा केदो. तिथे माझा एक मार्क गेला होता, अजून टोचतो.

'देमो' (पण) आणि 'शिकाशि' (परंतु) नव्या वाक्याच्या सुरुवातीला येतात. त्यातलं 'शिकाशि' लेखात नाहीतर भाषणात. घरी बायकोशी 'शिकाशि' म्हणालास तर ती संपादकीय ऐकल्यासारखी बघेल.

---

प्रेषक: योकोहामाच्या काकू
रविवार, सकाळी ७.०५

> 'पण' म्हणून वाक्य तिथेच सोडून द्यायचं हे कुठलं व्याकरण?

अरे बाळा, वाक्य सोडलं नव्हतं. ते संपलं होतं.

दादाने सांगितलेलं बरोबर आहे, पण त्याने परीक्षा सुटेल, शेजारीण नाही. मी इथे बावीस वर्षं दुभाषाचं काम करते आणि माझी पहिली दोन वर्षं तुझ्यासारखीच गेली, 'केदो'च्या पुढची वाट बघत. बाईंच्या दोन्ही वाक्यांत 'पण' कुठेच नाही. पहिल्या 'केदो'ने त्यांनी दार किलकिलं केलं: मी खालची, जरा बोलायचं होतं. फोनवर "तानाका देस केदो" म्हणतात ना, तसं. तो काय तानाका असूनही फोन करत नसतो! "सुमिमासेन गा" मधला 'गा'ही त्याच जातीचा. दुसऱ्या 'केदो'ने त्यांनी चेंडू तुझ्या हातात दिला. रात्री पावलांचा आवाज जरा जाणवतो… आता पुढचं तू म्हण. तू काय म्हणालास? हाय हाय!

आणि हे आपल्याला नवीन नाही रे. शेजारच्या वहिनी वाटी घेऊन दारात येतात आणि म्हणतात, "म्हटलं, विरजण आहे का बघावं…" यातलं 'म्हटलं' काय करतं? त्या कुणाला काहीच म्हणालेल्या नसतात. मागणं अंगावर येऊ नये म्हणून पुढे केलेली ती उशी आहे. "येणार होतो रे मी काल, पण…" इथेही 'पण'च्या पुढचं कुणी विचारत नाही. मला इतकी वर्षं 'केदो' शिकवताना 'पण'पेक्षा हे 'म्हटलं'च जास्त उपयोगी पडलंय. तक्रार करायची असली तरी हीच रीत. एसीमधून पाणी गळतंय? "एआकोन कारा मिझु गा देतेरुन देस केदो…" एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं आपल्याला जमत नाही, तेवढाच अभ्यास करावा लागतो. पलीकडचा माणूस आपणहून तारीख आणि वेळ विचारतो.

याच ठिकाणी आपली माणसं 'देमो' वापरतात. 'देमो, काल फोन केला होता. देमो, कुणी आलं नाही.' ओळीने तीन 'देमो' आले की हट्टी मूल सबबी सांगतंय असं वाटतं. इथल्या आया मुलांना "देमो ज्यानाइ!" म्हणून दटावतात, ते उगाच नाही. आपलं "पण नाही नि बिण नाही!"

'देमो'ची एक गंमत मात्र आपल्या बाजूची आहे. आपला 'पण' दोन कामं करतो: "गेलो, पण भेटला नाही" आणि "लहान पोर पण सांगेल". 'देमो' हुबेहूब तसाच. वाक्याच्या सुरुवातीला 'परंतु', आणि नामाला चिकटला की 'कोदोमो देमो', लहान पोर पण. एकच शब्द दोन्हीकडे कसा, याचं कोडं आपल्या माणसाला पडायलाच नको.

आता घसरायची जागा. आपण थांबतो 'पण'च्या आधी: महाग आहे, | पण चवदार आहे. जपानी थांबतात 'केदो'च्या नंतर: ताकाइ केदो, | ओइशीइ. 'केदो' पहिल्या वाक्याचं शेपूट आहे, दुसऱ्याचं तोंड नाही. मी दुभाषीण असूनही थकले की "ताकाइ… केदो ओइशीइ" म्हणून जाते. पाळणाघरातल्या आपल्या पोरांना ऐक. माझा नातू म्हणतो, "मी जेवलो केदो, भूक आहे." वाक्य मराठी, पण 'केदो' नेमक्या जागी.

आणि वजन नेहमी मागच्या अर्ध्यात. "चव छान आहे केदो, महाग आहे" म्हणणारा उठून जाणार. "महाग आहे केदो, चव छान आहे" म्हणणारा बसून जेवणार. वरिष्ठ "योकु देकितेइमास गा…" (छान जमलंय, पण…) म्हणाले की कौतुकाने फुलू नकोस. वही उघड.

'नोनि' सावकाश शिक. त्याला 'पण' लिहू नकोस, 'असून' लिही. "आमे ना नोनि", पाऊस असूनसुद्धा! त्यात अपेक्षाभंग असतो, कधी रुसवा. म्हणून त्याच्यापुढे "चला", "करा" चालत नाही. पाऊस असूनही जाऊया म्हणायचं तर "आमे देस केदो, इकिमाश्यो". शेजारणीसमोर 'नोनि' काढू नकोस, भांडायला आलायस असं वाटेल.

काकू

---

प्रेषक: ओसाकाकर
रविवार, सकाळी ९.३०

काकूंना साष्टांग. आमच्याकडे 'दा केदो'चं 'या केदो' होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. आल्या आल्या ऑफिसातला एकजण जेवताना सारखा 'याकेदो, याकेदो' करत होता. 'याकेदो' म्हणजे भाजणं, हे मला शब्दकोशामुळे ठाऊक. मी धावत जाऊन थंड पाण्याचा ग्लास आणून दिला. त्याने तो पिऊन टाकला आणि आभार मानले.

---

प्रेषक: कावासाकीचा दादा
रविवार, सकाळी १०.१०

काकू, एक पुरवणी. जोडणारा 'गा' आणि कर्त्याला लागणारा 'गा' यांत लोक गोंधळतात. नामानंतर आला तर कर्ता, 'देस' किंवा 'मास'नंतर आला तर 'पण'. टोकियोतली जुनी माणसं आणि बातम्या देणारे निवेदक हे दोन्ही 'गा' नाकातून म्हणतात, म्हणजे चक्क आपला 'ङ'. शाळेत 'क ख ग घ ङ' घोकल्यानंतर 'वाङ्मय' सोडून त्याला कुठे काम मिळालं नव्हतं. इथे येऊन लागलं.

आणि नव्या भाडेकरूने पाठ करण्यासारखं एक वाक्य: "निकु वा ताबेमासेन केदो, तामागो वा ताबेमास." मांस खात नाही, पण अंडं खातो. दोन्हीकडे 'वा' हवा. मटण एका पारड्यात, अंडं दुसऱ्या. शाकाहारी असाल तर माशाच्या 'दाशी'बद्दल, म्हणजे रश्श्या-सुपातल्या अर्काबद्दल, वेगळं विचारा, ते कुठल्याच 'केदो'त बसत नाही.

---

प्रेषक: लिस्ट सांभाळणारा
रविवार, सकाळी ११.००

वर्गणी १५ तारखेपर्यंत. आठवण करून द्यायची होती, केदो…

---

प्रेषक: निशिकासाईचा नवा भाडेकरू
रविवार, रात्री ८.२०

काकू, जाऊन आलो.

बायको म्हणाली चिवडा नको, तिखट लागेल. म्हणून स्टेशनजवळून बिस्किटांचा डबा घेतला. चिरंजीवांना बरोबर नेलं, आरोपी हजर असावा म्हणून. बाईंनी दार उघडलं. मी "उए नो काइ नो मोनो देस केदो…" (मी वरच्या मजल्यावरचा…) म्हणालो आणि थांबलो. मनात तीनपर्यंत मोजलं. त्यांचा चेहरा लगेच सैल झाला. "आ, उए नो!" मग मी पाठ केलेलं म्हटलं, "कोदोमो गा मादा चिइसाइन देस केदो, कि ओ त्सुकेमास." मुलगा अजून लहान आहे, पण आम्ही काळजी घेऊ. अर्ध्यांची अदलाबदल करून बघा, केवढी उर्मट सबब होते! जिन्यात दोनदा म्हणून बघितलं होतं ते याच भीतीने.

डबा पुढे केला तर त्या म्हणाल्या, "कि ओ त्सुकावानाकुतेमो इइ नोनि…"

'नोनि' ऐकून माझ्या पोटात गोळा. तुम्ही तर म्हणाला होतात रुसवा असतो! पण त्या हसत होत्या, डबा दोन्ही हातांनी घेतला होता. घरी येऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, "अरे, 'कशाला एवढं, उगाच!' असं म्हणाल्या त्या." म्हणजे अपेक्षाभंग आहेच, पण गोड. पुस्तकात 'नोनि'पुढे आता दोन नोंदी आहेत.

पोराला त्यांनी वय विचारलं. त्याने चार बोटं दाखवली आणि निरोप घेताना तिथेच एक उडी मारली.

आता जमिनीवर काहीतरी अंथरायला हवं. ते कोड्यासारखे एकमेकांत अडकणारे फोमचे तुकडे मिळतात ना, जॉइंट मॅट. दुकानात नवे बघितले. खोली मोठी, हिशोब वाढतोय. कुणाची मुलं मोठी झाली असतील तर म्हटलं…

---

प्रेषक: फुनाबोरीची वहिनी
रविवार, रात्री ८.३१

आहेत. ३२ तुकडे, दोन कुरतडलेले. शनिवारी गाडी घेऊन या, भाऊजी.