मदत हवी आहे: एससीओ झेनिक्स ३८६ ची पहिली फ्लॉपी कुठे मिळेल? (बडोदा)

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी,

आमच्या मंडळाचं दांडिया बाजारात एक छोटं मराठी वाचनालय आहे. १९९१-९२ च्या सुमारास तेव्हाच्या चिटणीसकाकांनी हौसेने ३८६ संगणक घ्यायला लावला आणि पुस्तकांची सगळी यादी त्यावर चढवली. नुसतं नाव आणि लेखक नाही. पुस्तक कोणी दिलं, कोणत्या साली दिलं, आत कोणाची सही आहे, इथपर्यंत. दाखल नोंदवह्या समा भागात एका सभासदांच्या तळमजल्यावर होत्या, त्या ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुरात गेल्या. संगणक माळ्यावर होता म्हणून वाचला. आता ती यादी कुठे असलीच तर त्या खोक्यात.

कॅबिनेटवर काकांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली आहे: "हॉल्टसिस केल्याशिवाय स्विच बंद करू नये." हॉल्टसिस म्हणजे सिस्टिम बंद करायची कमांड. त्यावरून आणि सोबतच्या जाड मॅन्युअलवरून ऑपरेटिंग सिस्टिम झेनिक्स हे कळलं. यादी फॉक्सबेस प्लस या डेटाबेस प्रोग्राममध्ये आहे आणि मराठी टायपिंग सीडॅकच्या जिस्ट टर्मिनलवर (भारतीय लिप्यांसाठीचा पडदा-कीबोर्ड) व्हायचं, असं काका सांगतात. ते आता ८६ वर्षांचे आहेत, पासवर्ड मात्र अजून तोंडपाठ! टर्मिनल कधीच पस्तीवाल्याकडे (भंगारात) गेलं.

चालू केल्यावर मेमरी मोजली जाते, 'सीएमओएस बॅटरी स्टेट लो' येतं, मग हार्ड डिस्क फेल्युअर, आणि पुढे काही नाही. झेनिक्सच्या फ्लॉप्या एन-२ पासून पुढे आहेत, एन-१ गायब. ती मिळाली तर ओएस परत टाकता येईल असा विचार आहे.

बॅकअप लिहिलेल्या सव्वापाच इंची फ्लॉप्यांचा एक गठ्ठाही आहे. एका दुकानदाराकडे अजून चालू डॉस मशीन आहे, तिथे घालून पाहिल्या तर 'जनरल फेल्युअर'. तो म्हणाला, "आ तो ब्लँक छे, फॉरमॅट करी आपुं?" मी तशाच परत आणल्या.

जाणकारांनी मार्ग दाखवावा.

आयएसए_स्लॉट

काहीही इन्स्टॉल करू नका! ओएस परत टाकायला गेलात तर डिस्कचे विभाग नव्याने पडतील आणि यादी कायमची जाईल.

मुळात तुमचं झेनिक्स उडालंय असं वाटत नाही. त्या काळच्या मशीनला हार्ड डिस्क कोणती आहे हे आपोआप कळत नसे. सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती हे सीएमओएसमध्ये, म्हणजे बॅटरीवर टिकणाऱ्या छोट्या मेमरीत, भरून ठेवावं लागे, आणि बॅटरी मेली की मशीन ते विसरतं. डिस्क शाबूत असली तरी मग फेल्युअरच दिसतं.

दोन गोष्टी बघून सांगा. डिस्कला पट्टीसारखी केबल एक आहे की दोन? आणि मदरबोर्डवर निळ्या नळकांड्यासारखी बॅटरी आहे का, तिच्या आजूबाजूला हिरवट-पांढरं काही साचलंय का? तोवर मशीन चालू करू नका.

दांडियाबाजारकर

दोन पट्ट्या आहेत, एक रुंद, एक अरुंद. डिस्कवर एसटी-२५१ लिहिलंय. बॅटरी निळीच, आणि एका टोकाला हिरवं आहे. कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत पसरलेलं नाही.

आयएसए_स्लॉट

म्हणजे एमएफएम या जुन्या पद्धतीची डिस्क, साधारण ४२ एमबीची. ८२० सिलिंडर, ६ हेड, १७ सेक्टर. हे लिहून ठेवा. यूएसबीचा आयडीई ॲडॉप्टर (नंतरच्या पद्धतीच्या डिस्कसाठीचा) घेऊन ही वाचता येणार नाही, त्यात पैसे घालू नका. आणि ती ज्या कंट्रोलर कार्डाला जोडलेली आहे त्याच्यापासून तिला तोडू नका. एमएफएममध्ये फॉरमॅट त्या कार्डाच्या पद्धतीचा असतो, दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला लावली तर बहुधा वाचलीच जाणार नाही.

आधी ती बॅटरी कापून काढा. गळलेला क्षार बोर्डावरचे तांब्याचे मार्ग खातो. कापसाच्या बोळ्याने थोडं व्हिनेगर लावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नीट वाळू द्या. बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा बहुतेक असेलच. तिथे पेन्सिल सेल लावता येतात. सर्किट जुन्या बॅटरीला चार्ज करायचं, साध्या सेलना ते चालत नाही, म्हणून मध्ये डायोड हवाच. मग सेटअपमध्ये जाऊन वरचे आकडे जुळणारा डिस्कचा टाइप निवडा. एएमआय बायोस असेल तर टाइप ४७ मध्ये आकडे स्वतः भरता येतात. झेनिक्स त्याच्या त्याच्या पायावर उभं राहील अशी बरीच आशा आहे.

निवृत्त_ईडीपी

मला हार्ड डिस्कपेक्षा तुमच्या त्या 'कोऱ्या' फ्लॉप्यांत जास्त रस आहे.

आम्ही झेनिक्सवर बॅकअप घ्यायचो तो फ्लॉपीवर फाइल सिस्टिम न बनवता. टार ही फाइलींचा गठ्ठा बांधणारी कमांड सरळ /डेव्ह/आरएफडी०९६डीएस१५ वर, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हवरच, लिहायची. डॉसला तिथे ना बूट सेक्टर सापडत, ना फॅट (फाइली कुठे आहेत याचा तक्ता), मग तो म्हणणारच जनरल फेल्युअर. फॉरमॅटला नाही म्हणालात ते फार बरं केलंत.

तेव्हा पुन्हा त्याच दुकानात जा, पण तयारीने. सव्वापाच इंचीला कडेची खाच झाकली की लिहिणं बंद होतं, साडेतीन इंचीच्या बरोबर उलट. प्रत्येक फ्लॉपीच्या खाचेवर चिकटपट्टी लावा. खिडकीतून चकती हाताने फिरवून बघा. बुरशीचे ठिपके दिसले तर ती फ्लॉपी बाजूला, नाहीतर ड्राइव्हचं हेड घाण होऊन पुढच्या चांगल्या फ्लॉप्यांवर ओरखडे पडतात. बडोद्याच्या पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या आहेत, काहींना बुरशी असणारच.

डॉसवर चालणारा 'इमेजडिस्क' नावाचा फुकट प्रोग्राम आहे. तो आत काय आहे याची फिकीर न करता सेक्टर जसेच्या तसे उचलतो. त्याच्यासोबतच्या आयएमडीयू प्रोग्रामने साधी बायनरी इमेज (फ्लॉपीची हुबेहूब प्रत) करा, ती सेव्हन-झिपमध्ये टार म्हणून उघडा. गठ्ठा मोठा असेल तर एकच बॅकअप अनेक फ्लॉप्यांवर सलग गेलेला असेल, तेव्हा लेबलवरचा क्रमांक सांभाळा.

दांडियाबाजारकर

हे तर डोक्यातच आलं नव्हतं! म्हणजे झेनिक्स न चालवताच यादी निघेल? मग मराठीचं काय? आणि एन-१ शोधणं सोडून द्यायचं का?

सुरसागरकाठी

यादीसाठी झेनिक्सची गरज नाही. फॉक्सबेसची डीबीएफ फाइल (यादी जिच्यात असते ती) सरळसोट असते: सुरुवातीला ०३ हा बाइट, मग शेवटच्या बदलाचं वर्ष-महिना-दिवस, मग रकान्यांची नावं, आणि त्याखाली ठरावीक लांबीच्या नोंदी. लिबरऑफिस ती उघडतं. पण मराठीच्या जागी चौकटींसारखी चिन्हं दिसतील, घाबरू नका. ते इस्की आहे, युनिकोडआधीचं भारतीय लिप्यांचं संकेतन. इंग्रजी जिथल्या तिथे आणि १६० च्या पुढच्या जागांवर भारतीय अक्षरं, अशी ती रचना. आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या 'यूकॉन्व्ह' कमांडला 'इस्की, व्हर्जन ०' सांगितलंत की देवनागरी युनिकोड मिळेल. विंडोजमध्ये हेच कोडपेज ५७००२. फक्त पूर्ण डीबीएफ यूकॉन्व्हमधून जाऊ देऊ नका, रकान्यांच्या लांब्या बिघडतात. आधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) करा, त्यातले बाइट न बदलता, आणि मग रूपांतर. काकांनी इस्कीच्या १९९१ च्या मानकाआधीची सामग्री वापरली असेल तर काही अक्षरं चुकीची येतील, ती हाताने दुरुस्त करावी लागतील.

एन-१ बद्दल. झेनिक्स मायक्रोसॉफ्टने १९८० मध्ये जाहीर केलं, पीसीवर ते विकलं मुख्यतः एससीओने. इंटरनेट आर्काइव्ह आणि विनवर्ल्ड इथे जुन्या सिस्टिमच्या इमेजा ठेवलेल्या असतात, शोध तिथून सुरू करा. मात्र एमएस-डॉस ४.०० चा सोर्स २०२४ मध्ये खुला झाला तसं झेनिक्सचं झालेलं नाही, ते अजून कोणाच्या तरी मालकीचं आहे. तुमच्याकडे विकत घेतलेली प्रत आहे ही जमेची बाजू. इन्स्टॉल करताना सीरियल नंबर आणि ॲक्टिव्हेशन की विचारतं, ती मॅन्युअलच्या खोक्यात एखाद्या कार्डावर असेल. ते कार्ड फेकू नका, फ्लॉपीपेक्षा तेच दुर्मिळ!

आणि चालवून बघायचंच असेल तर आजच्या संगणकावर ८६बॉक्स या प्रोग्राममध्ये चालवा. तो ३८६ चा बोर्ड, एमएफएम कंट्रोलर, ८२०-६-१७ ची डिस्क, सगळ्याची नक्कल करतो. माझ्या मते खऱ्या मशीनवर नव्याने झेनिक्स चढवण्याचा हट्ट निव्वळ हौस आहे. हौसेला मोल नाही हे खरं, पण तिचा नंबर यादीनंतर.

दांडियाबाजारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बॅटरी काढून टाकली, मशीन बंद ठेवलंय. दुकानदार शनिवारी दुपारी त्याचा ड्राइव्ह वापरू देतोय, चहा माझ्याकडून. फ्लॉप्यांच्या खाचा झाकायला बसलोय. काकांनी लेबलवर क्रमांक घातलेत, पण ४ आणि ७ नाहीत. अपुऱ्या मालिकेतून टार उलगडतं का, की मधला भाग गेला की पुढचं सगळं गेलं?

निवृत्त_ईडीपी

पुढचं जात नाही. टारमध्ये प्रत्येक फाइलच्या आधी तिचं स्वतःचं शीर्ष असतं, जिथे पुढचं शीर्ष सापडेल तिथून परत सुरू होतं. ४ आणि ७ वर जे होतं तेवढंच बुडेल. प्रत्येक फ्लॉपीची इमेज वेगळी ठेवा, जोडू नका. तेवढ्याने भागलं नाही तर हार्ड डिस्क आहेच.